मांडीवरचं लेकरू

फाटकाची कडी लागली. चौकीदार शालिग्राम काठी आडवी धरून तिथेच उकिडवा बसला, तशा ओसरीवरच्या बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसून गप्प केलं. बकुळाबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं.

अमझेऱ्याच्या मिशन दवाखान्यातली ही रोजची सकाळ. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन नुकतं पायरीवर आलेलं. खोकणाऱ्या म्हाताऱ्या, डोळे चिकटलेली पोरं, पायाला फडकं गुंडाळून डोंगराकडून लंगडत आलेली एखादी भिलीण, अशा सगळ्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या. मधलं दार बंद. आत मिससाहेब, म्हणजे गोऱ्या डॉक्टरीणबाई, शेगडीवर हत्यारं उकळत असत. थंडीचे चार महिने त्या धारहून इथे मुक्कामाला येत. आधी सकाळचं वचन, मग दार उघडायचं, मग औषध. दवाखाना सुरू झाला त्या दिवसापासूनचा हा शिरस्ता होता आणि तो चुकीचा आहे असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

कुंपणाबाहेर लिंबाखाली एक दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, उभी असे, पडदा सोडलेली. आत उमाबाई. त्यांचे यजमान दत्तोपंत ग्वाल्हेर दरबारच्या कचेरीत शिरस्तेदार, घर कडक सोवळ्याचं. गुडघ्यांना लावायच्या तेलासाठी आपण येतो, असं उमाबाई सांगत आणि तेल खरोखरच नेत. पण तेलाची बाटली महिनाभर पुरायची आणि दमणी आठवड्यातून तीनदा यायची. वचन संपलं की बकुळाबाई बाटली घेऊन कुंपणाशी जात. मग पडद्याआडून एखादा टोला हमखास येई.

“काय गं बकुळाबाई, नवरा विठोबा आणि तू येशूची. संसार तरी कसा केलास?”

“नाव त्यांच्या आईने ठेवलेलं, बाईसाहेब. आईची खूण कशी पुसायची?”

पडद्याआडून हसू ऐकू येई. पडदा मात्र कधी हलला नव्हता.

विठोबा आणि बकुळाबाई नगरकडचे. संवत छप्पनच्या दुष्काळात मिशनने त्यांना इकडे माळव्यात पाठवलं. तो उपदेशक, ही जखमा बांधणारी. विठोबाचा आवाज असा की बाजारात उभा राहिला तर बैल कान टवकारत. सकाळचं वचन तोच सांगे. मग प्लेग आला आणि पाच दिवसांत तो गेला. सहाव्या दिवशी मिससाहेबांनी पुस्तक बकुळाबाईंच्या हातात ठेवलं. त्या दिवशी बकुळाबाईंनी एक ओळ वाचली, समोरच्या बायकांकडे पाहिलं, “आता औषध घ्या” एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन पट्ट्यांच्या कपाटामागे रडत बसल्या.

पण रोजची गोष्ट रोज केली की हाताला वळण पडतं, तसं जिभेलाही पडत असावं. बकुळाबाईंची रीत अशी होती की वचन निवडायचं नाही. पुस्तकात काल जिथे थांबलो त्याच्या पुढची ओळ, मग ती गोड असो की कडू. पहाटे विहिरीवर आदल्या दिवशीच्या पट्ट्या धुवायला घेतल्या की ती ओळ मनात धरायची. रक्ता-पुवाची एकेक पट्टी चोळायची, पिळायची, दोरीवर टाकायची आणि प्रत्येक पट्टीबरोबर ती ओळ पुन्हा एकदा. तीस-चाळीस पट्ट्या वाळत पडेपर्यंत ओळीचा काहीतरी अर्थ लागायचा. नाही लागला तर तसंही सांगत. आज मला हे कळलं नाही, तुम्हाला कळलं तर सांगा, असं म्हणून मोकळ्या होत. अशा दिवशी म्हाताऱ्या मोठ्या उत्साहाने सांगत.

बोलण्याचा बांधा मराठी, शब्द माळवीचे आणि हिंदीचे. पुस्तकातलं खमीर इथे कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचं विरजण करून टाकलं. मिससाहेबांनी त्यावर हरकत घेतली, विरजण कुठे लिहिलंय म्हणून. बकुळाबाई शांतपणे म्हणाल्या की इथल्या बायकांना पाव ठाऊक नाही, पण चमचाभर ताकाने हंडाभर दुधाचं काय होतं ते जन्मापासून ठाऊक आहे. मिससाहेबांनी थोडा विचार केला आणि ते आपल्या वहीत उतरवून घेतलं.

फाटकाची कडी मात्र बकुळाबाईंचीच. दोन वर्षांपूर्वी वचन चालू असताना बायका येत राहायच्या, पुढे घुसायच्या, जागेवरून भांडायच्या. एकदा दोघींनी एकमेकींचे केस धरले. तेव्हा त्यांनी शालिग्रामला बजावून सांगितलं होतं, पुस्तक उघडलं की पुढे कोणाला सोडायचं नाही. उशिरा आली तर फाटकाशी बसेल. शालिग्राम पूर्वी पलटणीत होता. हुकूम म्हणजे हुकूम.

त्या सकाळची ओळ आली ती फार लहान, स्तोत्रांतली. माझा जीव मी शांत केला आहे, दूध तोडलेलं मूल आईजवळ असावं तसा, अशा अर्थाची. बकुळाबाईंना मूल नव्हतं. पहाटे विहिरीवर पहिल्या काही पट्ट्या त्यांनी ती ओळ न म्हणताच धुतल्या. मग अकराव्या-बाराव्या पट्टीला एकदम काहीतरी उलगडलं आणि त्या तशाच ओल्या हातांनी कठड्यावर बसून राहिल्या. इतकं चांगलं वचन वर्षभरात हाती लागलं नव्हतं.

त्यांनी सुरुवात केली. अंगावर पिणारं पोर मांडीवर घेतलं तर ते स्वस्थ बसतं का? पदर ओढतं, हात मारतं, दुधासाठी रडतं. आणि दूध तुटलेलं पोर? त्याला आईकडून काही नको असतं. तरी ते मांडीवर येऊन बसतं. कशाला? आई आहे म्हणून. आपण देवापाशी जातो ते दूध मागायला. पाऊस दे, पोर दे, गुडघा बरा कर. (इथे कुंपणाबाहेर बांगड्या वाजल्या.) काही न मागता कधी जाऊन बसतो का?

ओसरी इतकी शांत झाली होती की शेगडीवरचं पाणी उकळताना ऐकू येत होतं. आणि तेव्हा बकुळाबाईंना दिसलं, की दमणीचा पडदा बाजूला झाला आहे. उमाबाईंचा चेहरा त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. गोरा, सुरकुतलेला, मोठं कुंकू लावलेला. डोळे भरलेले.

बकुळाबाई खरं तर संपवणार होत्या. सगळं सांगून झालं होतं. पण तो पडदा पाहिला आणि त्या पुढे बोलत गेल्या. नगरच्या आपल्या आईचं सांगितलं. विठोबा गेला तेव्हाचं सांगितलं, जे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पुढे सांगायला डोळ्यांसमोर काही हवं होतं, म्हणून नजर ओसरीवरून फिरली आणि फाटकाशी जाऊन थांबली.

तिथे एक तरुण भिलीण बसली होती. कधी आली ते कळलं नव्हतं. मांडीवर दीडेक वर्षाची मुलगी, लुगड्याच्या पदरात अर्धी झाकलेली. मान आईच्या दंडावर टाकून निजलेली. इतर पोरं किरकिरत होती आणि ही एवढी निवांत.

“बघा,” बकुळाबाई म्हणाल्या आणि हात लांब करून दाखवलं, “ते बघा. त्या छोरीला काही पाहिजे का? ना दूध, ना खेळणं. आईची मांडी मिळाली, झालं. असं शांत व्हायला आपल्याला जमेल का?”

सगळ्या बायकांनी माना वळवून पाहिलं. भिलीण लाजली. तिने पोरीच्या अंगावरचा पदर जरा नीट केला. गावातल्या इतक्या बायकांनी तिच्या लेकराकडे असं कौतुकाने कधी पाहिलं नसावं.

वचन आणखी थोडा वेळ चाललं. मग प्रार्थना. मग दार उघडलं. बायका आपापल्या क्रमाने आत जाऊ लागल्या. ही उशिरा आलेली, म्हणून शेवटी. बकुळाबाई उमाबाईंना तेलाची बाटली देऊन परत येत होत्या. येता येता त्या भिलिणीपाशी थांबल्या, लेकराच्या गालाला हात लावावा म्हणून वाकल्या आणि तशाच गोठल्या.

ओठ निळे. अंगाला चिकट घाम. त्यांनी बोटाने पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

माळव्यात जखमा बांधणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. शेतावर जाताना, खोकला झाला, दात येत असले, की मोहरीएवढी अफूची गोळी लेकराला चाटवायची, ही इकडची घरोघरची चाल. भिलांच्या झोपडीतली आणि शिरस्तेदाराच्या माजघरातलीही. अफूचं निजलेलं पोर बकुळाबाईंनी शंभरदा पाहिलं होतं.

त्यांनी पोर उचललं आणि आत धावल्या. मिससाहेबांनी बाकीच्यांना बाहेर काढलं. नळी घातली, लाल औषधाच्या पाण्याने पोट धुतलं, कडक कॉफी थेंब थेंब पाजली. बकुळाबाई तळपायांवर चापट्या मारत होत्या, थंड पाण्याचे हबके देत होत्या. एकदा पोरीने डोळे किंचित उघडले आणि हं असा आवाज काढला. त्या आवाजावर त्या दोघींनी दुपारपर्यंतचा वेळ काढला. मग श्वास लांब लांब पडू लागले, आणि एकाच्या पुढचा आलाच नाही.

आई थावरी नावाची होती. डोंगरातल्या एका फळियातून, म्हणजे भिलांच्या वस्तीतून, चार कोस चालत आलेली. रात्रभर पोरगी खोकत होती, म्हणून पहाटे निघताना एक गोळी दिली, एकच, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. फाटकाशी आल्यावर शालिग्रामला ती म्हणाली होती, म्हारी छोरी ने दिखाणी हे, पोरीला दाखवायचंय. तो म्हणाला, वचन हुई जावा दे, बई. ती बसली. ती रडली नाही. पोरीला त्याच पदरात गुंडाळलं आणि आली तशी चालत गेली.

दुसऱ्या दिवशी बकुळाबाईंनी पुस्तक उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पट्ट्या धुतल्या, जखमा बांधल्या. संध्याकाळी मिससाहेब हात धूत होत्या, तेव्हा त्यांनी विचारलं, “मिससाहेब, ती आली तेव्हाच आत घेतली असती, तर जगली असती का?”

मिससाहेब बराच वेळ साबण चोळत राहिल्या. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“मात्रा फार मोठी होती. एका गोळीची नव्हती. मला ठाऊक नाही, बकुळाबाई.” मग टॉवेल घेतला आणि म्हणाल्या, “कदाचित.”

त्या एका शब्दाने बकुळाबाईंचं अन्न तुटलं. त्या म्हणाल्या, वचन आता दुसऱ्या कोणाला द्या. मिससाहेब म्हणाल्या, दुसरं कोण आहे? आणि तो विषय तिथेच राहिला.

आठवड्याच्या बाजारातून शालिग्राम खबर घेऊन आला. तोही त्या दिवसापासून भाकरी अर्धी टाकून उठत होता. थावरीची सासू तिला घराबाहेर काढते आहे म्हणे. अफू जास्त देऊन पोर मारलं, ही डाकीणच आहे, असं सगळ्या फळियात बोलते आहे. येत्या मंगळवारी पंच बसणार आणि तिला माहेरी पोचवणार. माहेरी कोण? आईबाप छप्पनमध्येच मेले. एक भाऊ, तो कोणाच्या तरी शेतावर राबतो. आणि डाकीण म्हणून नाव पडलेल्या बाईला कोणता भाऊ ठेवून घेणार? त्या डोंगरात अशा बायकांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

बकुळाबाई म्हणाल्या, मी जाते.

मिससाहेबांनी त्यांना बसवून घेतलं आणि नीट समजावलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण काय होईल ते सांगितलं. दवाखान्यात ताटकळत ठेवल्याने पोर मेलं असं एकदा डोंगरात पसरलं, की भील यायचे बंद होतील. सहा वर्षांचं काम जाईल. आज शंभर लेकरं येतात, ती येणार नाहीत, आणि त्यातली काही घरीच मरतील. याचाही विचार कर.

बकुळाबाईंनी त्याचाही विचार केला. पहाटे विहिरीवर ओळीऐवजी तोच विचार धुतला. तरी जायचं ठरलेलंच राहिलं.

मंगळवारी दमणी आली होती. वचन नाही हे ठाऊक असून आली होती. आणि त्या दिवशी उमाबाई खाली उतरल्या. कुंपणाच्या आत मात्र आल्या नाहीत.

“हे बघ बकुळाबाई,” त्या म्हणाल्या, “तू जाऊ नकोस. ते लोक तीर-कामठ्याने बोलतात. आणि तू काय गं केलंस? गोळी तिने दिली. आमच्या घरी मी माझ्या पोरांना नाही दिली? चार जगली.”

“आणि पाचवं, बाईसाहेब?”

उमाबाईंनी बकुळाबाईंकडे पाहिलं. पाचव्याबद्दल त्यांनी कधी कोणाला सांगितलेलं नव्हतं आणि बकुळाबाईंनाही ते ठाऊक नव्हतं. चार जगली म्हणणारी आई पुढच्या आकड्यावर अडते, एवढंच त्या या ओसरीवर ओळखायला शिकल्या होत्या.

“ते निजलंच होतं,” उमाबाई हळूच म्हणाल्या. मग गाडीवानाला हाक मारली. “यांना डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोड. मी इथे थांबते.”

म्हणून बकुळाबाई त्या दिवशी शिरस्तेदारांच्या दमणीत बसल्या. गावाने पाहिलं. त्याचं बोलणं उमाबाईंना पुढे पुष्कळ ऐकावं लागलं, पण ती वेगळी गोष्ट आहे.

पायथ्यापासून शालिग्राम पुढे आणि त्या मागे. फळियात पोचल्या तेव्हा मोहाच्या झाडाखाली पंच बसले होते. दहा-बारा पुरुष, मधोमध म्हातारा तडवी, वस्तीचा मुखिया. बायका लांब उभ्या. थावरी एकटी, एका दगडाशी. सासू उभं राहून हातवारे करत होती. परकी बाई पाहून सगळे थांबले.

बकुळाबाईंच्या हातात पुस्तक नव्हतं. चार वर्षांत लोकांसमोर त्या पुस्तकाशिवाय प्रथमच उभ्या होत्या. तडवीने विचारलं, कां आई हे, बई? कशाला आलीस?

त्यांनी सांगितलं. आपल्या मोडक्या माळवीत, न रडता, एकापुढे एक. ही छोरीला घेऊन आली तेव्हा छोरी जिवंत होती. फाटकाशी बसवायचा हुकूम माझा होता, चौकीदाराचा नव्हे. मी बोलत होते. बोलणं संपलं होतं, तरी बोलत राहिले, कारण लोक ऐकत होते आणि मला ते गोड लागत होतं. मी तुमच्या छोरीकडे बोट दाखवून सगळ्यांना म्हणाले, बघा कशी शांत निजली. अफूचं निजलेलं पोर ओळखणं हे माझं काम आहे. मी ओळखलं नाही. लवकर पाहिलं असतं तर कदाचित जगली असती. ही डाकीण नाही. हिने चार कोस उचलून आणलं. उशीर माझ्या दारात झाला.

एका तरुणाने जमिनीवर टेकवलेली काठी उचलली. शालिग्राम एक पाऊल पुढे सरकला. तडवीने हात वर केला, तसा तो तरुण थांबला.

“कोई ने बुलाई नी थने,” तडवी म्हणाला. तुला कोणी बोलावलं नव्हतं. “फेर कां आई?”

“ही एकटीच सगळं अंगावर घेऊन बसलीय. त्यातलं माझं मी घ्यायला आले.”

मग सासू, जी इतका वेळ हात कमरेवर ठेवून उभी होती, ती हळूहळू खाली बसली. तिचे हात मांडीवर पडले. तिच्या तोंडून शब्द आले ते कोणाकडेही न पाहता.

“एक म्हने भी दी थी.” एक गोळी मीही दिली होती, पहाटे, ही उठायच्या आधी. खोकत होती म्हणून. हिला सांगितलं नाही.

थावरी दगडाशी उभीच होती. ती सासूकडे पाहत राहिली. पंचांतला एक जण खाकरला. तडवीने पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि बराच वेळ त्याची घडी नीट करत बसला. मग म्हणाला, उठा, आपापल्या घरी जा. एवढाच निवाडा झाला.

बकुळाबाई परत निघाल्या. कोणी या म्हटलं नव्हतं, कोणी बसा म्हटलं नाही, आणि ते तसंच असायला हवं असं त्यांना वाटलं. फळियाच्या टोकाला, जिथून वाट खाली उतरते तिथे, मागून पावलं वाजली. थावरी आली होती. ती बरोबर काही अंतर चालली. शालिग्राम मुद्दाम पुढे निघून गेला.

बकुळाबाईंना वाटलं, ही आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वाट में वी हाली नी,” थावरी म्हणाली. वाटेतच पोरीची हालचाल थांबली होती, तेव्हा तिच्या मनात भीती आली होती. “पण थने कियो के सुख से सूती हे. सगळी बायां देखी री थी. म्हने अच्छो लाग्यो.”

तू म्हणालीस सुखाने निजलीय, सगळ्या बघत होत्या, मला बरं वाटलं. म्हणून मी उठले नाही, असं पुढचं तिने म्हटलं नाही. ती वळली आणि वर चढून गेली.

हे वाक्य बकुळाबाईंनी पुढे जन्मभर जपलं. मिससाहेबांनी देव क्षमा करतो म्हणून सांगितलं, त्यावर त्यांनी मान हलवली. देवाबद्दल त्यांना शंका नव्हती. पण क्षमा झाली म्हणून आठवण ठेवायची नाही असं पुस्तकात कुठे लिहिलेलं त्यांना सापडलं नाही.

त्यानंतर महिनाभर डोंगराकडून कोणी आलं नाही. मिससाहेब म्हणाल्या होत्या तसंच झालं. ओसरी अर्धी रिकामी राहू लागली. मिससाहेबांनी एका शब्दाने दोष दिला नाही, पण रिकाम्या जागेकडे त्या पाहत, ते बकुळाबाईंना दिसे. कोण कुठे आजारी पडून असेल, कोणतं लेकरू कोणत्या झोपडीत निजवलं असेल, हा हिशेब बकुळाबाई रोज मनात करत. तरी गेले नसते तर बरं झालं असतं, असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

आणि वचन पुन्हा सुरू झालं. पण कसं? फाटकाची कडी शालिग्रामने स्वतःच्या हाताने उपटून काढली. मधलं दार पहाटेपासून उघडं. बकुळाबाई ओसरीच्या एका टोकापासून सुरुवात करत. प्रत्येक बाईपुढे उकिडवं बसायचं, मांडीवरच्या पोराच्या पापण्या वर करून पाहायच्या, आणि पोर निजलेलं असलं तर जागं करायचं. कानाची पाळी ओढून, तळपायाला टिचकी मारून. हातपाय हलवून ते रडलं, की पुढची. आया चिडत. एवढ्या मुश्किलीने निजवलं होतं, म्हणत. बकुळाबाई म्हणत, चिडा, खुशाल चिडा. जे पोर रडत नसे ते त्याच पावली आत जाई. असं एकदा माघात एक गेलं, आणि वाचलं.

सगळी ओसरी अशी रडती झाली, की मग त्या हातात पट्टी घेऊन कामाला बसत आणि त्या दिवसाची ओळ सांगत. तीन-चार वाक्यं, फार तर. पूर्वीसारखं रंगत नसे. रंगू लागलं आहे असं वाटलं की त्या मध्येच थांबत आणि पुढच्या जखमेकडे वळत. तीस पोरांच्या रडण्यात त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचतही नसे. उमाबाई कुंपणाबाहेरून ओरडत, काही ऐकू येत नाही गं. पडदा आता नेहमीच बाजूला असे. बकुळाबाई जवळ जाऊन तेवढं एक वाक्य त्यांना पुन्हा सांगत. मिससाहेब एकदा म्हणाल्या, अशा गोंगाटात उपासना कशी व्हायची? बकुळाबाई म्हणाल्या, हीच आहे.

फाल्गुन लागला होता, मोह फुलला होता. एके सकाळी ओसरीच्या कडेला डोंगराकडच्या चार बायका येऊन बसल्या. त्यांत थावरी होती. मांडीवर सातआठ महिन्यांचा मुलगा. तिचा नव्हता. शालिग्रामने विचारून घेतलं होतं. जावेचा. त्याच घरातला. त्याला ताप होता, आणि जाऊ शेतावर, म्हणून घरच्यांनी हिच्या हाती दिला होता.

बकुळाबाई ओसरीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या एकेक पोर पाहत पुढे येत होत्या आणि त्यांचे हात जरा जास्त वेळ लावू लागले होते. थावरीच्या पुढ्यात यायला अजून सहा बायका होत्या. तेवढ्यात उन्हाने त्या मुलाचे डोळे मिटू लागले. त्याची मान कलंडली.

थावरीने वर पाहिलं नाही. तिने त्याचं तळपाऊल हातात घेतलं, अंगठ्याजवळ एक चिमटा काढला आणि मुलगा किंचाळून रडू लागला, तशी त्याला छातीशी धरून ती आपली पाळी येईपर्यंत बसून राहिली.